उघड्या कार्डांवरची मापं

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांत तू मला अकरा पत्रं लिहिलीस आणि अकराही पत्रांत तब्येतीला जप याखेरीज काही नाही. तुझ्या कारखान्यात एकावर एक चाळीस थर कापड रचून यंत्राने कापतात, हेसुद्धा मला तुझ्या मित्राकडून कळलं. मी तुझ्यासारखी चिक्कू नाही, सविस्तर लिहिणार आहे. हातातलं काम बाजूला ठेव आणि मधेच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे.

दुकान जाणार होतं. हे तुला कळवलं नव्हतं, कारण कळवून तू काय केलं असतंस? तब्येतीला जप असं लिहिलं असतंस. चार मशिनींपैकी तीन मशिनींवर चादरी घातलेल्या, चौथीवर मी, आणि आठवडाभराचं काम म्हणजे दोन चेन बदलायच्या नि एका पँटची उंची कमी करायची. बाबा खिडकीशी बसून एकच वर्तमानपत्र दोनदा वाचायचे. शेजारचा मोबाइलवाला जागेवर डोळा ठेवून होताच. एक दिवस बाबांनी सांगून टाकलं की त्याला किल्ली देऊया. मी भांडले, रडले, जेवलेसुद्धा नाही, म्हणजे सकाळचं जेवले नाही, संध्याकाळी फार भूक लागली. शेवटी तीन महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात काम आलं तर दुकान राहील, नाहीतर मोबाइलवाला.

नेमकं त्याच आठवड्यात मला दातांच्या डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं, सहा महिने झाले, दात दाखवून जा म्हणून. माझे दात ठणठणीत होते, तरी मी मुकाट्याने गेले. खुर्चीत आ करून पडले असताना डोक्यात आलं, एक कार्ड जर मला इथवर ओढून आणू शकतं, तर माणसं कोट शिवायला का येणार नाहीत? तोंडात डॉक्टरांची बोटं होती म्हणून, नाहीतर ओरडलेच असते.

जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मापवहीत होतेच. आमचं दुकान सुरू आहे, अवश्य या, एवढंच लिहायचं असं माझं म्हणणं होतं. बाबा म्हणाले, असलं कार्ड लोक न वाचता टाकून देतात, त्या माणसाचं स्वतःचं असं काहीतरी त्यात हवं. मग आम्ही तीनशे कोरी कार्डं आणली. पत्ते मी लिहिले, मजकूर बाबांनी. आपली मापं आमच्याकडे जपून ठेवली आहेत, छाती इतकी, कंबर इतकी, बाही इतकी, केव्हाही यावे. एकेका कार्डाला त्यांना दहा दहा मिनिटं लागायची. त्यांची खडूची रेघ आठवते ना, पट्टीशिवाय सरळ? आता अक्षर हलतं. तीन आठवडे आम्ही समोरासमोर बसून लिहीत होतो आणि खरं सांगते, इतके मजेचे दिवस आई गेल्यापासून या घरात आले नव्हते.

आता ऐक, तुझ्या शहाण्या बापाने आणि बहिणीने काय केलं. पोस्टकार्ड उघडं असतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! आपल्याला दिवसभर टेप गळ्यात घालून कंबर म्हणजे नुसता आकडा वाटतो. टपालवाल्या बाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी सगळी कार्डं चवीने वाचली आणि वाटता वाटता ज्याला त्याला सांगितली. दुपारपर्यंत अख्ख्या रस्त्याला एकमेकांच्या कमरा पाठ.

पहिला आला बेकरीवाला, हाताला पीठ तसंच. लग्नाच्या वेळचं माप, कंबर अठ्ठावीस. बायकोने ते कार्ड गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं होतं आणि पाव घ्यायला येणारा प्रत्येकजण आधी कार्डाकडे बघायचा, मग त्याच्याकडे. बाबांनी शांतपणे टेप काढला. एक्केचाळीस भरली. निदान अडतीस तरी लिहा म्हणून त्याने हात जोडले, पण मापवहीत खोटं लिहिणार नाही यावर बाबा अडून बसले. शेवटी तो हसायला लागला आणि कोट नि दोन पँटी सांगून गेला. त्याच्या पाठोपाठ रांगच लागली. कुणी भांडायला आलं, कुणी माप वाढलं नाही हे दाखवून मिरवायला आलं, आणि एकजण तर आपल्याला कार्ड का नाही म्हणून रुसून आला. येईल त्याचं माप घ्यायचं, मग बोलायचं, असं आम्ही ठरवूनच टाकलं.

एक कार्ड मात्र जायला नको होतं. औषधांच्या दुकानातल्या बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, आणि आम्ही त्यांच्या नावाने कार्ड धाडलं. बाई दारात दिसल्या तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. डावा खांदा अर्धा इंच उतरता. म्हणाल्या, हे मी विसरूनच गेले होते हो, फोटोत सगळे ताठ उभे राहतात. मग हसल्या, रडल्या, आणि पिशवीतून यजमानांचा काळा कोट काढून म्हणाल्या की हा माझ्या मापाचा करून द्या. बाबा आत जाऊन तोंड धुऊन आले. मला त्या दिवशी आपल्या बापाचा फार अभिमान वाटला, आणि तू इथे नाहीस याचा फार राग आला.

आज सदतीस कामं अंगावर आहेत. तरी दुकान वाचलं असं मला अजून म्हणता येत नाही. मला शिवता येतं, कापता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी कापलेल्या एकुलत्या एका कोटाच्या उशा झाल्या. बेकरीवाल्याच्या कोटाला बाबा स्वतः उभे राहिले. खडूची रेघ तीनदा पुसली. कात्री कापडावर नेली, तर हात थरथरायला लागला. त्यांनी ती खाली ठेवली. मी सुई शोधत असल्याचं नाटक केलं. तेव्हापासून कापडाचे तागे न कापताच पडलेत आणि मोबाइलवाला रोज डोकावून जातो.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस मीही विसरले नाही. तुझ्याकडून कोट इंचभर आखूड कापला गेला, आणि बाबांनी चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं की याच्या हातात या दुकानाची कात्री पुन्हा द्यायची नाही. कापड वाया गेलं ती तुझी चूक होती. चारचौघांत बोलले ती त्यांची. मी कोपऱ्यात बटणं लावत गप्प बसले ती माझी, आणि ती मला अजून सलते.

गेल्या आठवड्यात आम्ही दुसऱ्यांदा कार्डं काढली, या वेळी छापील आणि मापांशिवाय. मजकूर मी लिहून दिला होता, छापखान्यात बाबा गेले. गठ्ठा घरी आला तेव्हा माझ्या मजकुराखाली एक ओळ जास्तीची होती. येत्या पहिल्या तारखेपासून कटिंगला माझा मुलगा बसेल. मी ती दोनदा वाचली आणि त्याला विचारलंत का म्हणून विचारलं, तर बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, ते तू बघ. कार्डं सोमवारी टपालात पडली. बेकरीवाल्याला कळलंय, औषधवाल्या बाईंना कळलंय, टपालवाल्या बाईंना तर सगळ्यांच्या आधी कळलंय. तीनशे घरांना कळवून झालं, फक्त तुला कळवायचं राहिलं होतं.

तुझीच, बाबांच्या शब्दाला जामीन राहिलेली,
ताई