इंजिनाला जागा नाही

बेटिना, १४ मे

प्रिय येर्को,

पत्र पोचलं. मी बरी आहे. अंकित्सावहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने कमी चढ. इकडे वाल चांगले आलेत, सार्डिनही भरपूर मिळतायत.

आता मुद्द्याचं. रविवारी रियेकाहून टेंपोत इंजिन घालून येतो म्हणतोस. बाबांच्या होडीत ते बसवल्याशिवाय माझ्या लेकीला, दुन्याला, नुसत्या शिडावर ग्रीसला जाऊ देणार नाहीस, कारण अर्धी होडी तुझी. जन्मभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केलीस तू, तुला वल्ह्यांचा भरवसा कुठून वाटणार!

तुझं सगळंच चूक म्हणत नाही मी. वारा पडला आणि समोरून फेरीबोट आली, तर वल्ही मारून किती पळणार? ते खरंच. पण इंजिन असलं की माणूस निघू नये त्या दिवशीही निघतो. नसलं की आधी आभाळ बघतो. आणि ते बसवायला बाबांनी घडवलेल्या होडीच्या मागच्या खांबाला पंख्याच्या दांड्यासाठी भोक पाडावं लागेल. मी पाडू देणार नाही. विषय संपला.

आजीने आपली होडी आईच्या हाती देण्याआधी तिची कशी पारख केली, आठवतंय ना? वारा मेलेल्या दिवशी, होडी दगडांनी भरून, सामुद्रधुनीतून एकटीने उभ्याने वल्हवत आणायची. मंगळवारी दुन्याला तशीच नेली. मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, हाताची घडी घालून बसले.

“आई, निदान पाणी कुठे ओढतंय ते तरी सांग!”

“आज मी मिठाचं पोतं आहे. पोतं बोलतं का?”

“पोतं इतकं जड नसतं!”

तेवढ्यात पर्यटकांची एक मोठी बोट इंजिन घुमवत जवळ आली. दोर दाखवून विचारलं, ओढून नेऊ का? पोरगी म्हणते, “नको, आईला घाई नाही!”

मला घाई नाही! येर्को, मला!

मग तिने किनाऱ्याकडचं उलट वाहणारं पाणी स्वतः शोधलं आणि होडी अलगद धक्क्याला लावली. धक्क्यावर बाया नावं ठेवायला जमल्याच होत्या. एकीलाही काही सापडलं नाही.

टेंपो ठरवू नकोस. दुन्या आज सकाळी निघाली. वायव्येचा वारा धरला होता, तो सोडून तुझ्या रविवारची वाट कोण बघणार? तुला विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. मागचा दोर मीच सोडला. माझ्या अर्ध्याबरोबर तुझं अर्धंही गेलं.

ओरडायचं असेल तर ये, मासे भाजीन. पण भीती वाटते का, ते विचारू नकोस. शीड टोकाआड गेल्यावरही मी बराच वेळ धक्क्यावर उभी होते.  बायांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली.

तुझी बहीण,
आता होडीची तांडेल झालेल्या दुन्याची आई,
झोर्का