जंगलासाठी घेतलेला फोन

१७ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. वनखात्यानं गावात नेमलेल्या वाघाच्या टीममधल्या माणसाकडे रेकॉर्ड पाहिजे.
पहाटे नाल्याच्या रेतीत वाघिणीचे पगमार्क. सोबत दोन पिल्लं. फोटो काढून ‘वाघ सूचना’ ग्रुपवर टाकला. पहिला रिप्लाय आला, ‘हे शेण आहे का?’ त्याखाली चार हसरे चेहरे.
दोष माझा नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर चरा आहे. मागचं झाकण रबरानं बांधलेलं. चार्जरची पिन दगडाचा टेका दिल्याशिवाय लागत नाही. असल्या डबड्यावर अख्ख्या गावाचा जीव!
फोन बदलणे. हौस म्हणून नाही, ड्युटी म्हणून.

१८ मार्च, मंगळवार
टीममध्ये नावं पाच. पहाटे उठणारे दोन, मी आणि मुखरूभाऊ. साडेचारला नाल्यापर्यंत जायचं, खुणा बघायच्या, आणि बाया मोहाची फुलं वेचायला निघायच्या आत तेलाचा रिकामा पिपा बडवत, ओरडत गावभर फिरायचं. जग कुठे गेलं आणि आम्ही पिपा बडवतोय.
भाऊंना समजावलं की एक मेसेज टाकला की सगळ्यांना एकदम जातो. भाऊ म्हणाले, ‘मोहवाल्या बायाइकडं कुठी मोबाईल हाय रे?’ मी म्हणालो, घरात कुणाकडे तरी असतोच. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून पटलं त्यांना. पिपा त्यांच्या गोठ्यात गेला.
मोठ्या मायला मात्र पटलं नाही. मोठी माय म्हणजे आमच्या शेजारची बायनाबाई, माझी चुलती. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच जेवू घातलं. आता घरात एकटी. तिचा पोरगा चैतू तिकडे तेलंगणात मिरची तोडायला गेलाय. म्हणाली, ‘तुया मोबाईल वाघाले ओरडते का?’ हसून सोडून दिलं. जुनी माणसं.

२० मार्च, गुरुवार
तीन दिवस संशोधन. अकरा रिव्ह्यू पाहिले, दोन फोनची नावं वेगळी काढली. एकाची फ्रेम धातूची, पण मागची बाजू इतकी गुळगुळीत की घामेजल्या हातातून सटकेल. दुसऱ्याला दणकट काच, धूळ जात नाही, पाण्यात अर्धा तास राहतो, अंधारातही फोटो येतो. एका पोरानं तो छतावरून फेकून दाखवला. काही झालं नाही. हा फोन जंगलासाठीच बनवलाय.
या संशोधनामुळे काल आणि आज पहाटे जाणं झालं नाही. भाऊ एकटे गेले. काही दिसलं नाही म्हणतात.
मयुरी म्हणाली, ‘तुमी वाघ पाहून राह्यले का मोबाईल?’ बायकोला बिल्ड क्वालिटी समजावत बसण्यात अर्थ नाही.

२३ मार्च, रविवार. रात्री
चंद्रपूरला जाऊन घेतला. किंमत इथं लिहीत नाही, मयुरी ही वही उघडते. जुना एक्स्चेंजमध्ये दिला. दुकानदारानं तो दोन बोटांनी धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.
नवा हातात घेतला की वजन कळतं. कडा बारीक घासलेल्या. बटन दाबलं की टक असा आवाज येतो, डुगडुगत नाही. बसमध्ये मांडीवर ठेवला नाही, दोन्ही हातांत धरून आणला.
उद्यापासून खरं काम.

२४ मार्च, सोमवार
पहाटे गेलो. फोन घरी ठेवला. कारण साधं आहे: कव्हर अजून यायचंय. वरची काचही यायचीय. नाल्याची रेती बारीक असते, एक कण लागला की ओरखडा कायमचा. गुरुवारपर्यंत कुरियर येतं, दुकानदार म्हणाला.
मुखरूभाऊंनी विचारलं, ‘जंगलासाठी घेतला ना रे तू?’ हो, पण कव्हरसकट जंगलासाठी.
घरी फोटो काढून पाहिले. कोंबडीचं एकेक पीस मोजता येतं. माझ्या कानात केस आहेत हे आज कळलं.

२६ मार्च, बुधवार
भाऊंचा गुडघा सुजला, ते घरी. मी एकटा. काल काही नाही, आज काही नाही. ग्रुपवर मेसेज नाही, कारण सांगण्यासारखं नाही.
मोठी माय दारात थांबवून म्हणाली, ‘पिपा वाजत नाई, हाक नाई. निघाव का नाई, काई समजत नाई रे बाबू. मोह तं पडून राह्यला.’ तिला सांगितलं, आता सिस्टिम बदलली आहे, काळजी करू नको. तिनं ‘हाव’ म्हणत मान डोलावली. माझ्यावर तिचा भरवसा आहे. चांगलं वाटलं.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ६.२५
घाईत लिहितोय. वेळा नीट नोंदवून ठेवणे.
४.५०: नाल्यावर ताजे पगमार्क. कडा अजून ओल्या. वाघीण मोहाच्या झाडांकडे गेलेली.
५.१५: घरी. रस्त्यात कुठेही वेळ घालवला नाही.
५.१६: फोनवर अपडेट चालू. रात्री मीच लावलं होतं, ते अर्ध्यावर अडकलं. ‘फोन बंद करू नका’ असं लिहून आलं. नाही केला.
५.४७: सुरू झाला. काय वेग!
५.५२: मेसेज गेला. शुद्धलेखन तपासून.
माझ्याकडून कसूर नाही.
बाहेर आरडाओरडा आहे. बघून येतो.

२७ मार्च. संध्याकाळी
मोठी माय.
मोहाखाली वाकलेली होती. वाघीण मागून आली. बाकीच्या बाया ओरडत पळाल्या. टोपली तिथेच.
लिहवत नाही.

२९ मार्च, शनिवार
चैतू काल पोचला. रेल्वे, बस, मग कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. हातांना अजून मिरचीची आग होती, डोळे पुसले की आणखी झोंबायचे. मुखरूभाऊ त्याच्याजवळ बसून होते, माझ्याशी बोलले नाहीत. गुडघ्याचा त्रास असेल.
चौकशी झाली. वनखात्याच्या गार्ड मॅडम रंजीता यांनी माझा मेसेज पाहिला, वेळ लिहून घेतली. बाया सांगतात, वाघीण आली तेव्हा नुकता सूर्य उगवला होता, म्हणजे सहाच्या पुढे. मेसेज आधीचा. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही तुमचं काम केलं, निकेशभाऊ.’ सरपंचही तेच म्हणाले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. अगदी स्पष्ट आलाय.
चैतूनं माझे हात धरले. म्हणाला, ‘तू तं सांगतलं होतं भाऊ, तिच्याच नशिबात नव्हतं.’
मी मान हलवली.
कव्हर आलं. बसवलं नाही.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी
सहा दिवस झाले, नाल्यावर गेलो नाही. कारण लिहायला बसलो होतो. तीन कारणं लिहिली आणि खोडली.
२७ तारखेला ५.१५ ला मी घरी पोचलो हे खरं आहे. त्याआधी पाच-सात मिनिटं, हापशीजवळ, मोठी माय मला समोरून आली. डोक्यावर टोपली, हातात काठी. मला पाहून थांबली. म्हणाली, ‘काऊन रे बाबू, धावून राह्यला? काई दिसलं का?’
माझ्या डोक्यात मेसेज चालला होता. कसा लिहायचा, आधी ‘सावधान’ टाकायचं की नंतर. मी न थांबता म्हणालो, ‘ग्रुपवर टाकतो.’
ती ‘हाव’ म्हणाली आणि पुढे गेली. तिला वाटलं असेल, काही असतं तर पोरगा बोलला असता.
हे मी मॅडमना सांगितलं नाही, मयुरीला नाही, चैतूला नाही. त्यानं हात धरले तेव्हाही नाही.
तिच्याकडे फोन नव्हता. मला माहीत होतं.