कोनची धवलारीण

कोन, ता. भिवंडी
२० एप्रिल २००६

प्रिय दिशा,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. मी तुळजा, कोनची. तू पाच वर्षांची असताना वज्रेश्वरीच्या घरातून निघून गेलेली तुझी आई. एवढं वाचून तू कागद फाडून टाकलास तरी मी तुला बोल लावणार नाही. जमलं तर शेवटपर्यंत वाच. सातवीपर्यंत शिकलेय, पण लिहायची सवय मोडलीय. तीन कागद आधीच फुकट गेले.

तुझे वडील आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते प्यायचे आणि मारायचे. एका सकाळी मी नेसत्या लुगड्यानिशी भिवंडीच्या एस्टीत बसले. तू ओटीवर पेज खात होतीस. वाटलं होतं, आठ दिवसांत भावाला घेऊन येईन आणि तुला नेईन. दोनदा आले. दोन्ही वेळा तुझ्या आजीने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी आलेच नाही. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणते, त्यांनी पोर दिली नाही. पण तिसऱ्यांदा न येण्याचा दोष त्यांचा नव्हता. माहेरी मला शांत झोप लागायला लागली होती. त्या दारात पुन्हा उभं राहायचं नव्हतं. मी तुझ्यापेक्षा माझी झोप जवळ केली. हे आजवर कुणापाशी बोलले नाही.

इथे मी माझ्या आत्याकडे राहिले. आनंदीबाई तिचं नाव. ती कोनची धवलारीण. आपल्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येऊ दे नाहीतर न येऊ दे, धवलारणीवाचून मांडव पुरा होत नाही. देवांना, पूर्वजांना नावं घेऊन बोलावणं, हळद, चौक भरणं, सगळं तिच्या गाण्यांवर, धवल्यांवर चालतं. आत्याचे धवले कुठे लिहिलेले नव्हते, सगळे तिच्या डोक्यात. दिवसा मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि लग्नसराईत आत्याच्या मागे बसून तिची ओळ पुन्हा ओढायची. बारा वर्षं मागेच बसले. मागे बसणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, मला तेच बरं वाटायचं. पण कारखान्यात शेजारची काय बोलते ते ऐकू यायचं नाही एवढा खडखडाट, आणि त्यात माझ्या तोंडात आपोआप धवला सुरू व्हायचा. मी गप्प व्हायची, तो थांबायचा नाही.

दोन हजार एकच्या होळीनंतर आत्याला झटका आला. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. मे महिन्यात केसरीनाथ पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. गोडाऊनला जमीन देऊन बंगला बांधलेले पाटील, पण आपल्या म्हाताऱ्या आईला शब्द दिलेला की धवलारीणच बसेल. ते घरी आले आणि आत्याने चांगला हात उचलून माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मला येत नाही. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या, त्यांना म्हटलं, घसा बसलाय. तिसऱ्या दिवशी आत्यापुढे बसून खरं सांगितलं, "आत्या, मी कुणाचा संसार मांडू? माझा मोडलाय. पोर टाकून आलेली बाई मी." आत्याला बोलायला फार त्रास व्हायचा. ती एकेक शब्द लोटत म्हणाली, "मी न्हाय बोलवत. देव बोलवतो. त्याला काय तुझं ठावं न्हाय?" मला तिचा राग आला. देवाला ठाऊक आहे हीच तर माझी भीती होती. विहिरीवर बायका बोलायच्या ते कानावर आलंच होतं. सीताबाई तर मला ऐकू जाईल अशीच म्हणाली, "हिचा पायगुण नवरीला लागला म्हंजे?" मला वाटलं, बरोबरच बोलते ही.

हळदीच्या दिवशी सकाळी मी पळाले. खरंच पळाले, दिशा. भिवंडीला येऊन समोर उभ्या असलेल्या एस्टीत चढले. ती वज्रेश्वरीची निघाली. तुला खोटं वाटेल, पण तेरा वर्षांत मी त्या गाडीत चढले नव्हते. देवीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, तुला दुसरी कुणी मिळाली नाही का? धड बाई, भरल्या घरातली? बायका मागून ढकलत होत्या, पुजारी पुढे सरका म्हणत होता. मी पायऱ्या उतरून खाली आले, मन अगदी कोरडं.

खाली ओटीच्या सामानाची दुकानं. एका दुकानात एक मुलगी हार ओवत बसली होती. मागे पाटीवर तुझ्या वडिलांचं नाव होतं. मी नाव दोनदा वाचलं आणि मग तुझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांची झाली होतीस. कपाळ माझं घेतलंस, हनुवटी त्यांची. मी तिथेच उभी राहिले. तूच विचारलंस, "मावशी, ओटी कसली देऊ? लग्नाची हाय काय?" मी हो म्हटलं. तू नारळ, खण, हळदकुंकू बांधता बांधता विचारलंस, कुणाचं लग्न. म्हटलं, आमच्या गावात आहे, आज हळद. तू हसलीस. म्हणालीस, "मंग तुमी हितं काय करता? जा की बेगी. तिथं खोळंबले असतील." तुला हे आठवणार नाही, दिवसाला शंभर बायका येत असतील. पण आत्याचं मी मानलं नव्हतं, पाटलांचं मानलं नव्हतं. तुझ्या तोंडून 'जा' आलं आणि माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही.

परत येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पाटलांच्या मांडवात सगळे खोळंबून बसले होते. सीताबाईसुद्धा होती. मी पाय धुतले आणि पाटावर बसले. पहिल्याच ओळीला आवाज फुटला. कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्यांदा घेतली, पुन्हा चिरकली. तिसऱ्यांदा मी कुणाकडे बघितलंच नाही, डोळे मिटून नुसती देवांची नावं घेत गेले. आपला आवाज लागला की नाही हे मला अजून कळलेलं नाही. नवरीच्या आजीने उठून माझ्या कपाळाला हळद लावली, तेवढं आठवतं. आत्या पुढच्या पावसाळ्यात गेली.

तेव्हापासून पाच वर्षं मी धवले म्हणते. लोक मान देतात, नव्या मुली पाया पडतात. त्या वाकल्या की मला पाय मागे घ्यावेसे वाटतात. तुला वाटेल, देवाने बोलावलं म्हणजे जुनं पुसलं गेलं असेल. तसं होत नाही. प्रत्येक मांडवात एखादी पाच वर्षांची पोर आईच्या मांडीवर पेंगत असते आणि मला पुढची ओळ आठवेनाशी होते. मी लायक झाले म्हणून गात नाही. बोलावणं थांबत नाही, म्हणून जाते.

आता का लिहिते ते सांगते. मी गेल्यावर ज्यांनी तुला आईसारखं वाढवलं त्या पुतळाबाई परवा मंगळवारी माझ्या दारात आल्या. अठरा वर्षांत आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो. पाणीसुद्धा न घेता त्यांनी सुपारी पुढे केली आणि म्हणाल्या, "दिशाचं लगीन ठरलंय, मे महिन्यात. आमच्याकडं धवलारीण उरली न्हाय. तुमीच या. पोरीला अजून बोलली न्हाय मी, तिला तुमीच इचारा." मी ती घेतली नाही. मी म्हटलं, हळदीच्या धवल्यात नवरीच्या आईचं नाव घालावं लागतं, माहीत आहे ना? त्या खाली बघत म्हणाल्या, "म्हनून तर आली. तुमचं घाला. तिला जलम तुमी दिला." त्यावर त्या रडल्या आणि मी नाही रडले. त्यांनी ठेवून गेलेली सुपारी अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे, मी तिला हो म्हटलेलं नाही. तुला मी मांडवात नको असेन तर पुतळाबाईंकडे नुसतं 'नको' सांग, मी सुपारी परत पाठवीन आणि त्या दिवशी घरी बसून देवीला हात जोडीन. पण तू ये म्हणालीस, तर मी धवलारीण म्हणून येईन, पाटावर बसेन, आणि तुला हळद लागताना साऱ्या गावासमोर आईचं नाव घेईन ते पुतळाबाईंचं. ते तुला आधीच कळावं, त्या वेळी तू चमकून माझ्याकडे वळून बघू नयेस, म्हणून हे पत्र.

तुझीच,
तुळजा