गुरुवारी दुपारी तू वारलास

नंदनवन, नागपूर
१० डिसेंबर १९८३

चि. रुपराव यास कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती ठणठणीत असेलच, आणि नेमकी तीच माझी अडचण आहे. आमच्या गल्लीच्या मते तू परवा दुपारी वारलास. (बायकोला हे वाक्य वाचून दाखवू नकोस.)

त्याचं असं झालं. रेडिओवर सध्या दर गुरुवारी जुन्या श्रुतिका पुन्हा लागतात. परवाच्या श्रुतिकेतला स्टेशनमास्तर शेवटी मरतो. तो मरतो हे मला बासष्ट सालापासून ठाऊक आहे. परवा तो माझ्यासमोर चौथ्यांदा मेला. तरी मी असा हंबरडा फोडला की शेजारची सखूबाई कणकेच्या हातांनी धावत आली. "काय झालं, बाई? काहून रडून राहिल्या वं?" मी रडत रडतच रेडिओकडे बोट दाखवलं. रेडिओवर ठेवलेला तुझा फोटो. (तोच, फेट्यातला. त्यात तू आधीपासूनच हार घालायला तयार दिसतोस.) "अवं माय! भाऊ गेले!" म्हणत तिने आधी रेडिओ बंद केला. दुःखाच्या घरी तो वाजवत नाहीत ना! माझी शेवटची पाच मिनिटं गेली. सुतकात चूलही पेटवत नाहीत, म्हणून घटकाभरात तिच्या घरून पिठलं-भाकर आली.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मागच्याच महिन्यात ती टीव्हीपुढे रडत होती, तेव्हा "खोट्या माणसांसाठी खरे अश्रू गाळणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे" असं मीच तिला सुनावलं होतं. (निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण वर्गातला आवाज काही निवृत्त होत नाही.) शिवाय पिठलं उत्तम होतं. तिचे यजमान नत्थूजी मला तुझ्या काटोलच्या बसमध्ये बसवून द्यायला निघाले, तेव्हा "मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल" असं मी शांतपणे सांगितलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दहा वर्षं छडीने शिकवलेलं सत्य एका भाकरीत विरघळलं.

आता शिक्षा ऐक. "तेरवीपर्यंत मोह नको, बाई," म्हणून सखूबाई माझा रेडिओच उचलून तिच्या घरी घेऊन गेली. आणि येत्या गुरुवारी दीपगृहाची श्रुतिका आहे! पंधरा वर्षांनी लागते आहे ती!

तुझ्या शोकात नाइलाजाने बसलेली,
कुसुमताई

ता.क. म्हणून बुधवारी पहिल्या बसने ये आणि फाटकात जिवंत उभा राहा. बातमी चुकीची होती म्हणू. करंडीभर संत्री आण. वारलेल्या माणसाने रिकाम्या हाती परतू नये.

ता.ता.क. आत्ताच सखूबाई येऊन बसली होती. "भाऊ कसे होते वं, बाई?" म्हणाली. मी सांगत गेले. माझी पहिली नोकरी, तो खेड्यातला रस्ता, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तू चाललेले चार मैल. यातलं एकही कौतुक मी तुझ्या तोंडावर केलेलं नाही, हे तिला सांगताना लक्षात आलं. मग रडू आलं. घरात रेडिओ नव्हता, तरी आलं. दीपगृह गेलं चुलीत. बुधवारची वाट पाहू नकोस, पत्र मिळताच मिळेल ती बस धर.