पिवळ्या कव्हरची रेकॉर्ड कोणाकडे जावी

मी, खाली सही करणारी, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, वय जन्मदाखल्यावर आहे ते, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. धाकट्या बहिणीला याबद्दल शंका असल्यास तिने ती लेखी कळवावी. हृदयाच्या डॉक्टरांनी "आता आवराआवर करून ठेवा" असे हसत हसत सांगितले, म्हणून हा खटाटोप. मला मरायची घाई नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, रागाच्या भरात फोनवर जाहीर केलेली धरून, रद्द समजावीत.

कलम १. दुकान आणि त्यामागची माझी राहती खोली भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावी. अख्ख्या घराण्यात स्क्रूड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी विचारणारी ती एकटीच निघाली. तिने दुकान चालवावे किंवा विकावे, माझी हरकत नाही. मात्र समोरच्या मोबाइलवाल्याला विकू नये. तो माझ्या पायरीवर आपली पाटी ठेवतो आणि वर मलाच "जरा सांभाळा हं" म्हणतो.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही भाचीलाच. आकडा बँक सांगेल. त्याने कोणी हुरळून जाईल असे वाटत नाही.

कलम ३. माझी हत्यारे, तेलाच्या कुप्या, बॉबिनांचा डबा आणि पट्ट्यांची जुडी कोपऱ्यावरच्या शिंप्याला द्यावी. माझा बारीक तोंडाचा स्क्रूड्रायव्हर "आत्ता आणून देतो" म्हणून त्याने कधीच नेलेला आहे. तोही त्याला दिला असे समजावे, म्हणजे त्याचा चोरटेपणा कायद्यात बसेल.

कलम ४. चुलतभावाला काहीही देऊ नये. कारण त्याला ठाऊक आहे. ठाऊक नसेल, तर तेच कारण आहे.

कलम ५. आता मुख्य मिळकत. पिवळ्या कव्हरची एक रेकॉर्ड आणि ती वाजवायचा बाबांचा रेकॉर्ड प्लेअर.

ही रेकॉर्ड साठच्या दशकातली, सातासमुद्रापलीकडच्या चार जणांची. कव्हरवर दोन तरुण आणि दोन तरुणी गवतात बसून असे हसताहेत की त्यांचे दात तपासावेसे वाटतात. गाणी सगळी ऊन, सायकल आणि रविवार यांवर. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे चौघे गळे गुंफतात, आणि शब्द संपले की नुसते "पा पा पा" करत राहतात. भाषा आम्हा बहिणींना येत नव्हती. "पा पा पा" मात्र आम्हाला चोख येत होते. मी वरचा आवाज धरायचे, धाकटी खालचा, आणि बाबा गिऱ्हाइकाच्या मशीनचे चाक फिरवून ताल द्यायचे. आई म्हणायची, "या घरात सरळ बोलणारं कुणी उरलंच नाही."

बाबाही मशीनवालेच. प्लेअरचा पट्टा निसटू लागला तेव्हा त्यांनी मोटरच्या पुलीवर कापडी चिकटपट्टीचे वेढे दिले आणि शिलाई मशीनचा पट्टा कापून बसवला. पुली जाड झाली, की तबकडी जास्त पळते. आमच्या धंद्यात मशीन पळाले म्हणजे मशीन सुधारले. बाबांनी समाधानाने तेल सोडले आणि म्हणाले, "बघा, कसं हलकं झालं!" त्या दिवसापासून आमच्या घरी ते चौघे आहेत त्यापेक्षा वरच्या पट्टीत आणि घाईघाईने आनंदी राहू लागले. आम्हाला याचा पत्ता नव्हता. आम्ही ती रेकॉर्ड दुसरीकडे कुठे ऐकलीच नव्हती.

पुढे धाकटी गाणे शिकायला शहरातल्या संगीतशाळेत गेली आणि सुट्टीला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर तपासायचा चिमटा, घेऊन आली. त्या दिवशी घरी पाहुणे होते. बाबांनी मोठ्या कौतुकाने रेकॉर्ड लावली. हिने तो चिमटा टेबलाच्या कडेवर आपटला, कानाशी धरला आणि सर्वांदेखत सांगितले, "बाबा, तुमचं मशीन चुकतंय. माणसं इतक्या वर गात नाहीत. आपण सगळं आयुष्यभर खोटंच ऐकलं."

बाबा म्हणाले, "असेल." त्यांनी रेकॉर्ड काढली, कव्हरात घातली, आणि ते असेपर्यंत ती पुन्हा लावली नाही. मी त्या दिवशी धाकटीला जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तेव्हापासून आमचे बोलणे आहे, पण ते गोळ्या, गॅस आणि भाचीच्या खुशालीपुरते. ती गाण्याची शिक्षिका झाली, निवृत्तही झाली, पण माझ्या खोलीत कधी गुणगुणलीसुद्धा नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर मी कपाटातून प्लेअर काढला. पट्टा विरघळून डांबर झाला होता. म्हटले, आता करायचेच तर नीट करू. बाबांची चिकटपट्टी सोडवली, पुली घासली, मापाचा पट्टा टाकला आणि रेकॉर्ड लावली. चौघे सावकाश, जाड आवाजात गाऊ लागले. ज्या मुलीच्या आवाजावर मी जन्मभर जीव टाकला, जिची वेणी कव्हरवर पाहून मी तशीच वेणी घालायचे, ती एक चांगला दाढीमिशा फुटलेला बाप्या निघाला. मला फसवल्यासारखे वाटले. कोणी फसवले हे मात्र सांगता येईना.

वरील मजकुरावरून धाकटी बरोबर होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. हे मृत्युपत्र त्याचा पुरावा धरला जाणार नाही.

सबब, रेकॉर्ड आणि प्लेअर धाकटीला द्यावा, पण एका अटीवर. तिने बाबांची चिकटपट्टी पुलीवर परत लावूनच ती वाजवावी. अट मान्य नसेल तर दोन्ही वस्तू भंगारात जाव्यात. तिच्या त्या खऱ्या सुरात बाबांची रेकॉर्ड तिच्या दिवाणखान्यात वाजते आहे, हे मला मेल्यावरही सहन होणार नाही.

कलम ६. हे कलम आज, सह्यांच्या दिवशी, वकीलबाईंना थांबवून वाढवले आहे.

साक्षीला वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि शिंपी असे दोघे बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. सही केली, की त्याचा वाटा गेला." शिंप्याने क्षणभर विचार केला, हत्यारांच्या पेटीकडे पाहिले आणि "दुकान उघडं राहिलंय" म्हणून निघून गेला.

तेवढ्यात धाकटी माझ्या गोळ्या घेऊन आली. टेबलावरचा कागद तिने न विचारताच उचलला आणि कलम पाच उभ्याउभ्या वाचले.

"ताई, मेल्यावरसुद्धा अटी घालणार आहेस?"

"जिवंतपणी कोण ऐकतं माझं?"

"लाव. ऐकू दे मला."

मी लावली. प्लेअर दुरुस्त केलेला, सूर तिच्या चिमट्याला पटतील असे. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पहिले गाणे झाले, दुसरे झाले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, की आता म्हणेल, "बघ, मी सांगत नव्हते?" डॉक्टर उगाच छताकडे पाहत होते.

धाकटी म्हणाली, "हे कोण आहेत?"

"तेच. तुझ्या खऱ्या सुरातले."

"हे नकोत मला. बाबांची पट्टी कुठंय?"

ती मी फेकलेली नव्हती. वेढे जसे निघाले तसेच जपून ठेवले होते. डिंक मेला होता, म्हणून दोऱ्याने आवळली. पट्टा चढवला, सुई टेकवली आणि ते चौघे एकदम धावत सुटले, आमच्या घरचे, पोरकट, वरच्या पट्टीतले. धाकटीने खालचा आवाज धरला. मी वरचा धरायला गेले, पण मला रडू आले. तिलाही आले. वकीलबाईंनी फाइल मिटून ठेवली.

मग तिने पेन मागितले. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही सही केलीत तर रेकॉर्ड तुम्हाला मिळणार नाही."

"माहीत आहे. मला ती मिळायला नकोच आहे. ही मेल्यावर मी एकटी बसून पा पा पा करू? ताई, ती तुझ्याकडेच राहू दे. मला ऐकायची असेल तर मी इथे येईन. आणि तू जागेवर असायचं. गोळ्या वेळेवर घे."

सबब, कलम पाचमधील देणगी आणि अट दोन्ही रद्द. रेकॉर्ड पुढे कोणाला द्यायची ते आम्ही दोघींनी ठरवायचे आहे. त्यावर वाद सुरू झाला असून तो लवकर मिटावा अशी माझी इच्छा नाही. तोवर मरण्याचा विषय मी तहकूब करते.

स्थळ : दुकानामागची खोली.
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो. वार रविवार.

लिहून ठेवणारीची सही : थोरली, मशीनवाली

साक्षीदार पहिले : दातांचे डॉक्टर, वरचा मजला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी : धाकटी. सही माझ्यासमोर झाली. सही करताना ताई शुद्धीवर होती, हे मान्य. सुरात होती, हे मान्य नाही.