दोऱ्यावरची थुंकी

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठीक असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला. हृदयाचं विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

१. शिवणयंत्र, कात्र्या आणि इस्त्री दादाच्या नातीला, चिमणीला. पोरीला साधी तुरपाई येत नाही, पण हौस दांडगी. या हौसेपायीच तिने आपले पूर्वज शोधायला कुठल्याशा कंपनीला नळीत थुंकून पाठवलं. पूर्वज राहिले बाजूला, पोलीस दारात आले. तिला कोणीही बोल लावू नये.

२. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले घड्याळजी दुकानात मेलेले सापडले. डोक्यात घाव, मुठीत कोटाचं बटण. त्या बटणाच्या दोऱ्यावरची थुंकी आता चिमणीच्या थुंकीशी ताडून पाहिली, तर तिच्या घरातल्याच कोणा पुरुषाची निघाली. तिचा बाप तेव्हा शाळेत होता. उरलो दादा आणि मी.

३. थुंकी माझीच. दोरा तोंडात ओला केल्याशिवाय मी कधी सुईत ओवला नाही. "गिऱ्हाइकाला उष्टे कपडे देतोस!" म्हणून आई पाठीत धपाटे घालायची. बटण मी लावलं, पण कोट माझा नव्हता.

४. कोट आमच्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा, म्हणजे भावोजींचा. लग्न आठ दिवसांवर होतं. खुनाच्या दुसऱ्या दिवशी ते आले. "एक बटण कुठेतरी पडलं वाटतं," म्हणाले. मी दुसरं लावून दिलं. मग पेपरात फोटो आला आणि मी माझं बटण ओळखलं. बहीण पत्रिका वाटत फिरत होती. मी तोंडाला कुलूप घातलं. गेल्या वर्षी ती गेली, सुखात गेली. आता ते कुलूप कोणासाठी ठेवू? मापाची वही, पान एकशे बारा, जिथे त्या कोटाची आणि बटणांची नोंद आहे, पोलिसांना. भावोजींना माझ्याकडून काहीही नाही. बाकी काय घडलं ते त्यांचं त्यांनी सांगावं.

५. घर घड्याळजींच्या मुलीला. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अजून पडदे शिवायला माझ्याकडेच येते, मला काका म्हणते. माफी मागायची लाज वाटते, म्हणून घर.

६. दादाला काय द्यावं? तीन आठवडे तो पोलिसांना थुंकी देत नाही, कारण त्याची जुळली नाही की उरतो मीच. घड्याळजींशी तेव्हा माझं कडाक्याचं भांडण होतं, त्यामुळे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं की मीच मारलं. काल आला. म्हणाला, "तू गप्प बस. सोमवारी मी जातो आणि सांगतो, मीच केलं म्हणून."

मी म्हटलं, "दादा, अरे मी नाही मारलं."

"हो रे बाळा, तेच सांगत राहा."

जन्मभर बस चालवली, कधी कुत्र्यालाही धक्का लावला नाही, आणि खुनी भावासाठी तुरुंगात निघालाय हा शहाणा! मला हसूही आलं आणि रडूही.

७. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आज शनिवार. वही आणि याची एक प्रत घेऊन मी आत्ताच चौकीत निघालो आहे. गप्प बसल्याची जी शिक्षा होईल ती माझी. दादा, मी मारलं नाही. लेखी देतोय, आता तरी विश्वास ठेव.

ठिकाण: दुकानातलं कापायचं टेबल
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेदहा

(सही) तुझा धाकटा

साक्षीदार:
१. समोरचा चष्मेवाला
२. डॉक्टरीणबाई