हरतालिकेचं पाणी

भाद्रपद शुद्ध तृतीया, संध्याकाळ. माहीम.

आज मी हरतालिकेचा उपास मोडला. उद्या कुणी विचारण्याआधी इथे लिहिते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

सून मनाली, तीन महिन्यांच्या तान्ह्याची आई. माहेर मुरबे गावच्या कोळीवाड्यातलं. सकाळी पूजेला माझ्या थोरल्या जाऊबाई, मनालीच्या काकी, म्हणाल्या, "मासळीवर वाढलेली पोर, हिला काय झेपणार निर्जळी?" झालं. दिवसभर पोरीने पाण्याला तोंड लावलं नाही. ओठांना भेगा पडल्या. दुपारपासून नातू छातीशी ओढून ओढून रडतोय, दूध पुरत नाही.

"मनाली, पाणी पी."

"नाय आई. काकी उद्या गावभर करतील. तुमी कधी थेंब तरी घेतलाय?"

रागच आला. पार्वती तपाला बसली तेव्हा तिच्या मांडीवर तान्हं होतं का? तसं विचारलं तर ते भेगाळलेले ओठ हसले, पाण्यासाठी उघडले मात्र नाहीत.

मग मीच तांब्या उचलला आणि तिच्यादेखत घटाघटा प्यायले.

"अवो आई!"

"आता काकी आधी माझ्या नावाने शंख करतील. तुझा नंबर नंतर."

चुकलं का माझं? कॉलेजात असल्यापासूनचा नेम. ह्यांच्यासाठी म्हणून तर... देव रागावेल? कळत नाही.

झालं ते एवढंच. घरामागच्या वाडीतलं शहाळं छाटून मी तिच्या हातात दिलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि शहाळं तोंडाला लावलं.